भोपळा

इथे रविवार शुक्रवारी येतो.
शारजात, यार्मूकच्या आवारात,
मल्याळी उपासना संपून तमिळ सुरू व्हायच्या मधल्या
दीड तासाच्या भाड्यात
आमची मराठी मंडळी देवाला भेटते.
पुढे आशीर्वचन, मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज.
मग मी, खजिनदार,
(एरवी टायरच्या दुकानात हिशेबनीस)
मागच्या खोलीत पाकिटं फोडतो.

दशांश कशाचा, हा वाद आमच्यात जुना.
मूळ पगाराचा, की घरभाड्यासकट?
कागदावरच्या आकड्याचा, की हातात पडतो त्याचा?
मी स्वतः बँकेचा हप्ता वजा करून दहाने भागतो
आणि अपूर्णांक सोडून देतो.
देव काही फिल्स मोजत बसत नाही, म्हणतो.
फिल्स मीच मोजतो.

पाकीट सदतीस शद्रख मकासरेचं.
एसीचे डक्ट बसवतो, राहतो सज्जाच्या कॅम्पात.
नाव सज्जा, आणि खोलीला खिडकीसुद्धा नाही;
पोरं त्या जागेला सरळ सजा म्हणतात.
पगार चौदाशे. दर महिन्याला एकशेचाळीस,
घडी कडक, गादीखाली दाबून आणल्यासारखी.

मार्चपासून कंपनीने पगार थकवला.
एप्रिलचं पाकीट आलं रिकामं.
वर नाव, तारीख, आणि रकमेच्या जागी
एक गोल, सावकाश काढलेला भोपळा.
मेमध्येही. जूनमध्येही.
म्हटलं, अरे, नसलं तर नको टाकूस.
म्हणाला, काहीच आलं नाही, तर काहीच नाहीचा दशांश.
हिशेब तुटायला नको, भाऊ.
आणि झाडू घेऊन
तमिळांसाठी हॉल झाडायला लागला.

जुलैत कमिटी बसली.
प्रार्थना झाली, चहा झाला, थोडं भांडण झालं.
पायंडा पडेल, असं कुणीतरी म्हणालं.
मीच म्हणालो.
पाचशे दिरहम मंजूर.
दहा जांभळ्या नोटा, पन्नास-पन्नासच्या,
एकीवर निळ्या शाईचा डाग, माझ्याच पेनचा.
त्याने मोजल्या नाहीत.
खिशाचं बटण लावलं फक्त.

पुढच्या शुक्रवारी पाकीट सदतीस फोडलं
तर निळा डाग.

सोनईकडे, कापणीच्या सणाला,
आई परसातला पहिला भोपळा वेदीपुढे ठेवायची.
उपासना सुटली की चर्चच्या ओट्यावर लिलाव:
अंडी, शेवगा, कोंबडी,
एकदा तर करडू, ते पाळकसाहेबांचा झगा चघळत होतं.
आणि आई स्वतःच्याच भोपळ्यावर बोली लावायची.
पाच रुपये. सहा. सव्वासहा.
वडील चिडायचे, आपलाच माल आपणच विकत घ्यायचा?
ती हसायची, भोपळा कडेवर घ्यायची तान्ह्यासारखा,
आणि दोन दिवस आम्ही
देवाच्या घरून आलेली भाजी खायचो.
चव तीच असायची, खोटं कशाला सांगू.
पण आई वाढताना जरा वाकून वाढायची.

ती नोट घेऊन मी बराच वेळ बसलो.
वहीत रकाने दोनच, जमा आणि खर्च.
मागच्या आठवड्यात हिला खर्चात लिहिलं होतं.

बाहेर तमिळांचं पहिलं गीत सुरू झालं.
शद्रख दारात बादली घेऊन उभा,
पायजम्याच्या घड्या गुडघ्यापर्यंत.
भाऊ, लाइट बंद करू?

थांब, म्हटलं.
अजून एक पाकीट फोडायचं राहिलं होतं,
क्रमांक चार, माझं.
आत किती आहे
ते मला न फोडताच ठाऊक होतं.